सेल काढलेली कॅसेट

या सदरातले अनुभव मी जेवताना वाचतो. करमणूक म्हणून. पिंपळाखालची बाई, मागून येणारे पैंजण, फोटोत उमटलेला धूर... आणि ज्यांना हे अनुभव येतात ती मंडळी नेमकी दमलेली, अंधारात, आणि कुणाच्या तरी लग्नाचं जेवण करून परतत असतात. भरल्या पोटी माणसाला काहीही दिसतं. माझं मत विचाराल तर अशा लोकांनी आधी डोळ्यांचा नंबर काढून घ्यावा. नंबर बरोबर निघाला तर मग गावात आपल्याला कुणी विचारत नाही, हे मान्य करावं. भूत लागत नाही त्याला.

तरी मी लिहितोय. कारण मला जे दिसलं ते दिवसाढवळ्या, लाईट आल्यावर, टीव्हीच्या काचेवर दिसलं. माझ्या शेजारी दुसरं माणूस उभं होतं. आणि त्या वेळी सेल माझ्या शर्टाच्या खिशात होता. हा सेल तेवढा लक्षात ठेवा, बाकीचं विसरलात तरी चालेल.

माझं शिक्षण आठवी, तीही अर्धी. गाव वाशिमकडं, रिसोडच्या पुढं. मामाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून निघालो तेव्हा मिसरूड फुटलेलं होतं, अक्कल फुटायची होती. इंदापूरच्या स्टँडवर मामानं मला उतरवलं, "डिझेल भरून येतो, हालू नको" म्हणाला. तो अजून डिझेल भरतोय. मी मात्र हाललो नाही, संध्याकाळपर्यंत तिथंच उभा. तिथं एक माणूस बंद पडलेल्या व्हिडिओ पार्लरचे टीव्ही टेम्पोत चढवत होता. मला म्हणाला, "उभाच हायस तर जरा हात लाव की." मी हात लावला. टेम्पोत टीव्हीला धक्का लागू नये म्हणून तो मांडीवर घेऊन बसलो आणि तसाच बारामतीला आलो. तो माणूस म्हणजे हणमंतदादा. त्यांनी मला जेवायला घातलं, आणि 'आता तू जा' हे शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. पण रोज सकाळी उठलो की आज ऐकू येतील असं वाटायचंच. दुकानाचं कुलूप मी दोनदा ओढून बघायचो, टीव्हीच्या काचा नको तितक्या पुसायचो... काढून टाकायला कारण नको म्हणून.

नव्वदीच्या शेवटाकडची ही गोष्ट. स्टँडमागच्या गल्लीत दादांचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं दोन खोल्यांचं घर. घरात दादा, वहिनी, आणि बिऱ्हाड करून राहावं तसे वहिनींचे भाऊ संपतराव. संपतराव कुठल्यातरी ऑफिसात होते, पण ऑफिसात कधी होते ते मला कळलं नाही. दुकानातल्या खुर्चीत पेपर तोंडावर घेऊन झोपणं हे त्यांचं मुख्य काम. मी तेव्हा 'मले', 'तुले' असं आमच्याकडचं बोलायचो म्हणून त्यांनी माझं नाव 'मलेरिया' ठेवलं होतं. गल्लीतली पोरं हसायची. पोरांचं काय, ती पंख्याकडं बघूनही हसतात.

दुकानात कॅसेटा पुष्कळ होत्या — गाड्यांच्या, मारामारीच्या, विमानांच्या. पण एक कॅसेट वेगळी होती. दादांच्या ओळखीच्या कुणीतरी दुबईहून गेम चालवायचा डबा आणला, त्याबरोबर ती आली. सगळी अक्षरं जपानी. गोष्ट काय ते आख्ख्या बारामतीत कुणालाच माहीत नव्हतं. एक तलवारवाला पोरगा असायचा, तो आपल्या हातात. त्याच्यामागं लाल रिबिनीची मुलगी आणि लांब कानांचं एक बुटकं, ही दोघं आपोआप चालायची. जनावरं मारली की आकडा वाढायचा, आकडा वाढला की तिघांच्या अंगात बळ यायचं, मग पुढचा मुलूख झेपायचा. मारामारी मात्र त्या क्षणाची. तुम्ही विचार करत बसलात तर लांडगा थांबत नाही. वार केला की खाली एक पट्टी रिकामी होऊन हळूहळू भरायची. ती पूर्ण भरू दिली तर पुढचा वार जोरात, नाहीतर नुसतं खाजवल्यासारखं.

आणि एक नियम. मागची दोघं एखाद्या दगडाआड अडकली की पोरगा पडद्याच्या कडेला जाऊन नुसते पाय हलवत राहायचा. पुढचा मुलूख दिसायचाच नाही. तिघं एका ठिकाणी आल्याशिवाय पुढं जायची सोय नव्हती.

कॉलेजची पोरं इथंच मार खायची. बटण बडवत पुढं पळायची, पट्टी भरू द्यायची नाहीत, मागची दोघं अडकली की रिमोट आपटायची. (त्या हातातल्या बटणांच्या पट्टीला आम्ही रिमोटच म्हणायचो.) बाहेर जाऊन मात्र सांगायची, "आपण तो राक्षस दोन मिनटात उडवला." मी शेजारी उभा असायचो. राक्षसानं यांना उडवलेलं मी पाहिलेलं असायचं.

त्या वर्षी दिवाळीनंतर दादांचे वडील, आबा, निरवांगीहून राहायला आले. आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. छातीचं दुखणं निघालं, डॉक्टरांनी सांगितलं — बारामतीतच राहा, उन्हात जायचं नाही, दुपारची गोळी चुकवायची नाही. आता ज्या माणसानं भिंतीला पाठ लावून कधी दिवस काढला नाही त्याला दोन खोल्यांत कसं करमणार? ते दुकानात लोखंडी खुर्ची टाकून बसायला लागले. गालावर हात, गुडघ्यावर फेटा, नजर टीव्हीवर.

एकदा त्यांनी खेळणाऱ्या पोराला विचारलं, "लेका, ती मागची दोन कुणाची?"

"कुणाची म्हंजे? टीमची."

"मंग त्यास्नी टाकून कुठं पळतोयस?"

"आबा, तुमाला न्हाय कळायचं. इंग्लिश गेम हाय ही."

जपानी अक्षरांच्या गेमला इंग्लिश म्हणणारा हा विद्वान सायन्सला होता.

दुपारी दुकान रिकामं असायचं. एकदा गंमत म्हणून मी आबांच्या हातात रिमोट दिला. पहिले काही दिवस पोरगा नुसता गोल गोल फिरला. नंतर आबांचा हात बसला. ते पुढं जायचेच नाहीत. त्याच त्याच माळावर लहान जनावरं मारत हिंडायचे, आकडा वाढवायचे. "आदी अंगात बळ येऊं दे, मंग घाट चढू. तितं कोण आपली वाट बघून मरतंय?" वार करायचे तर पट्टी पूर्ण भरू द्यायचे. "येकच काठी घालायची, पर बसंल अशी. हवंत काठ्या घातल्या की लांडगा हासतो."

मागची दोघं अडकली की बाकीचे शिव्या द्यायचे. आबा माघारी फिरायचे. मला म्हणायचे, "गज्या, मेंढरू अडलं की म्होरनं वढायचं न्हाय. वढलं की ते पाय रोवतं. माघारी जायचं, त्याच्या मागं हुभं ऱ्हायाचं आन् अंगाला अंग लावायचं. आपसूक चालतं."

गेममध्येही तसंच व्हायचं. पोरगा वळसा घालून त्या दोघांच्या मागं गेला की ती सुटायची. उन्हाळा लागेपर्यंत आबांचा आकडा दुकानात सगळ्यांच्या वर गेला. कॅसेटमध्ये खेळ साठवायच्या तीन जागा असतात. तिसरी आबांची, तिला कुणी हात लावायचा नाही असं दादांनी बजावलं होतं. संपतराव म्हणायचे, "म्हाताऱ्याला बी लागलं याड. मलेरिया पसरतोय घरात." आबा त्यांच्याकडं बघायचेसुद्धा नाहीत. मला ते फार आवडायचं.

मे महिन्यात एका सकाळी कॅसेट लावली तर तिन्ही जागा कोऱ्या.

इथं जरा समजून घ्या, कारण पुढं काही शहाणे मला शिकवायला येणार आहेत. या कॅसेटच्या पोटात शर्टाच्या बटणाएवढा सेल असतो. साठवलेलं सगळं त्याच्या जिवावर. सेल संपला की आठवण पुसली. गेम चालतो, पण रोज पहिल्यापासून. मी कॅसेट उघडली, पकडीनं सेल उचकटून काढला आणि खिशात टाकला — नवा आणताना नमुना दाखवायला. मग ती आतली उघडी सर्किटची पट्टी तशीच डब्यात खुपसून पाहिली. गेम चालू, तिन्ही जागा कोऱ्या. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तेवढ्यात लाईट गेली. उन्हाळ्यात दिवसा लाईट जायचीच. टीव्ही आणि डब्याची बटणं चालूच राहिली.

आबा खुर्चीत होतेच. "काय झालं रं?"

"सेल गेला, आबा. नवा टाकतो. पुन्हा पहिल्यापासून चालू करू."

"आन् ती दोघं?"

"कोणती?"

"माझ्यामागची."

"मिटली ना आबा. सगळंच मिटलं."

"मिटली म्हंजी? कुठं ऱ्हायली?"

"मले काय मालूम. राहिली असतील मागं कुठीसा."

मी आपला डब्यावरची धूळ पुसत बोललो. आबांनी टीव्हीच्या काळ्या काचेवर नजर लावली. मग सांगायला लागले, आणि ते मला सांगत नव्हते हे माझ्या उशिरा लक्षात आलं. ते नि त्यांचा धाकटा भाऊ म्हाळू, दोघं लहान असताना कळप घेऊन निघाले होते. वाटेत एक गाभण मेंढी बसली. आबा मोठे. ते म्हणाले, "म्या म्होरं जातो, तू हिला घिऊन ये." पुढच्या मुक्कामाला वाट बघत बसले. म्हाळू आलाच नाही. दुसऱ्या दिवशी लिंबाच्या झाडाखाली सापडला. ऊन लागलं का साप चावला, कुणाला कळलं नाही. मेंढी शेजारी उभी होती, कोकराला चाटत.

"म्या म्होरं गेलो," आबा म्हणाले. "माघारी फिराय पायजे व्हतं."

मी पाणी देऊ का विचारलं. नको म्हणाले.

अकराच्या सुमारास संपतरावांचे कुणी दोस्त आले. संपतरावांनी मला बर्फ आणायला पिटाळलं. मी म्हटलं, आबांकडं लक्ष ठेवा. "मी हाय न्हवं हितं. तू काय त्यांचा डॉक्टर हायस?" मी बर्फ घेऊन आलो तेव्हा दोस्त गेलेले, संपतराव पेपराखाली घोरत होते, आणि लोखंडी खुर्ची रिकामी होती. खुर्चीवर फेटा नव्हता.

आधी गल्ली पाहिली, मग स्टँड. स्टँडवर एका शेंगदाणेवालीनं सांगितलं, फेटेवालं म्हातारं इंदापूरच्या गाडीत चढलं. दादांनी कपाळावर हात मारला. "गावाकडं गेलं. निरवांगीला." मोटारसायकल काढली. ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं, आणि आबांची दुपारची गोळी घरात डबीतच होती.

संपतराव आता पूर्ण जागे झाले होते. "मी तवाच म्हणलं व्हतं. परकं पोरगं घरात ठिवलं की असंच व्हायचं. म्हाताऱ्याच्या डोस्क्यात कायबाय भरवतंय."

दादांनी माझ्याकडं पाहिलं. मी ते वाक्य ऐकायच्या तयारीत उभा राहिलो. ते म्हणाले, "गजानन, तू हितंच थांब. आबा माघारी आलं तर घरात कुणीतरी पायजे." किक मारली आणि गेले.

दुपार सरली. शेजारच्या मेडिकलमध्ये दादांचा फोन आला — आबा निरवांगीत नाहीत, कुणी पाहिलेलं नाही, आता इंदापूरला जाऊन स्टँड बघतो. वहिनी गोळ्यांची डबी मुठीत धरून दाराशी बसल्या. "उनात पडलं असतील कुठंतरी," एवढंच सारखं. मी दुकानात उभा. बसवत नव्हतं.

उन्हं कलायला लागली होती, तेव्हा लाईट आली. पंखा फिरला, टीव्ही पेटला, डब्याचा लाल दिवा लागला. सकाळची उघडी पट्टी आतच होती. गेमचं पहिलं चित्र आलं, ते नेहमीचं संगीत सुरू झालं. बंद करायला म्हणून मी रिमोट उचलला. मग बंद करायचं सोडून स्टार्ट का दाबलं ते विचारू नका. माझ्या हाताला तीच सवय.

तीन जागा आल्या. पहिली कोरी. दुसरी कोरी. तिसरी भरलेली.

आबांचा आकडा. तोच.

मी खिशात हात घातला. सेल बोटाला लागला.

तिसरी जागा उघडली. हा गेम सगळा हिरवागार — झाडं, ओढे, फुलं. हे चित्र पिवळं होतं. वाळलेला माळ. मध्ये जनावरांना पाणी पाजायची दगडी डोणी, तिचा एक कोपरा उडालेला. तिच्यावर वाकलेलं झाड, बुंध्यापासूनच दोन फांद्या. डोणीला टेकून तलवारवाला पोरगा उभा. एकटा. लाल रिबीन नाही, कानवालं बुटकं नाही. मी या बाजूला दाबलं, त्या बाजूला दाबलं. तो जागच्या जागी पाय हलवायचा, पण हालायचा नाही.

हा मुलूख मी कधीच पाहिला नव्हता. आणि आबा खेळताना मी रोज शेजारी असायचो.

मागं वहिनी येऊन उभ्या राहिल्या होत्या. रागावतील असं वाटलं — सासरा सापडत नाही आणि हा गेम खेळतोय. पण त्या टीव्हीकडं बघत होत्या.

"ह्ये कुणी काढलं?" त्या म्हणाल्या.

"काय?"

"ही डोणी. ही तर म्हाळूमामंजींची डोणी हाय."

त्यांच्या घरची रीत अशी, की नवी सून आली की तिच्या हातून एकदा ती डोणी भरून घ्यायची. म्हाळू जिथं गेला तिथं आबांच्या वडिलांनी ती बसवली होती, येणाऱ्या-जाणाऱ्या मेंढरांसाठी. वहिनी लग्न झाल्यावर एकदाच तिथं गेल्या होत्या. कोपरा पुढं कुणाच्या तरी ट्रॅक्टरनं उडवला, त्या वेळी आबा दोन दिवस जेवले नव्हते, हे त्यांना ठाऊक होतं. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. आबांनी सकाळी लिंब सांगितला होता. डोणीचं नाव काढलं नव्हतं.

"कुठं आहे ही, वहिनी?"

"इंदापूरच्या वाटंवर. निरवांगीच्या लई अलीकडं, रस्त्यापासनं आत माळावर."

म्हणजे दादा मोटारसायकलवरून तिच्या बाजूनं गेले होते. आणि आता आणखी पुढं, इंदापूरला. सगळेजण आबांना पुढं शोधत होते, कारण म्हातारं माणूस घराकडंच जाणार. पण सकाळी ते काय म्हणाले ते मी ऐकलं होतं. ते माघारी गेले होते. राहिलेल्याला आणायला.

संपतराव आतून आले. आम्ही निघालोय असं कळल्यावर त्यांनी आधी टीव्हीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "चवकोनी ठिपकं बघून माणूस हुडकायला निघालाय व्हय? आक्के, तू बी?"

"तू दुकान बघ," वहिनी म्हणाल्या. "झोपू नगं." त्या घरात त्यांना इतकं स्पष्ट बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

कोपऱ्यावरच्या कोल्ड्रिंकवाल्याचा टेम्पो निघतच होता. आम्ही पुढं बसलो. रस्ताभर वहिनी डबी उघडत होत्या, बंद करत होत्या. मी देवाचं नाव घेतलं नाही. मला तेव्हाही ते जमत नव्हतं. मी फक्त मनात म्हणत होतो, चित्रात तो उभा होता, पडलेला नव्हता... उभा होता. आणि असं म्हणतोय याची लाजही वाटत होती.

टेम्पो माळावर जाईना. आम्ही उतरून पळालो. वहिनी पुढं, त्यांना वाट आठवत होती. चढ ओलांडला आणि झाड दिसलं. वाकडं, बुंध्यापासून दोन फांद्या.

आबा डोणीला टेकून बसले होते. फेटा सुटलेला, ओठ पांढरे. डोणीच्या तळाशी ओल होती आणि शेजारी एक प्लॅस्टिकची बाटली, रिकामी. स्वतः न पिता त्यांनी ते पाणी डोणीत ओतलं होतं. वहिनींनी गोळी त्यांच्या जिभेखाली ठेवली, टेम्पोतून आणलेलं पाणी ओठाला लावलं. श्वास चालू होता. डोळे उघडले.

वहिनींनी त्यांचे दोन्ही हात धरले आणि ओढायला लागल्या. "उठा मामंजी. उठा हो." आबांनी पाय रोवले. हात सोडवून घेतले. वहिनी रडायला लागल्या. ऊन अजून तापत होतं, टेम्पो लांब होता, आणि ते उठत नव्हते.

मी वळसा घालून त्यांच्या मागं गेलो. खाली वाकलो, त्यांच्या पाठीला छाती लावली, खांद्याला खांदा लावला आणि तसाच थांबलो. जोर केला नाही. त्यांचं सगळं अंग थरथरत होतं. मग ते माझ्यावर रेलले, आणि आपोआप उभे राहिले.

"आलास व्हय," म्हणाले. मग आम्ही दोघांनी धरून त्यांना टेम्पोपर्यंत चालवत नेलं.

डॉक्टरांनी दोन दिवस ठेवून घेतलं. म्हणाले, दिवस मावळेपर्यंत तिथंच राहिले असते तर काही खरं नव्हतं. दादा इंदापूरहून परत आले ते थेट दवाखान्यात. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि काढायला विसरले.

आता स्पष्टीकरणं. घरी आलो तोवर लाईट पुन्हा जाऊन आली होती. गेम लावला. तिन्ही जागा कोऱ्या. नवा सेल टाकला, तरी कोऱ्या. ते चित्र पुन्हा कधी दिसलं नाही.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. संपतराव सगळ्यांना सांगत सुटले की आपल्याला आधीच अंदाज होता, आपणच टेम्पोची व्यवस्था केली. एक देवऋषी आला, म्हणाला म्हाळूचा आत्मा टीव्हीत शिरलाय, कोंबडं लागेल. दादांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. मी त्यांच्या जागी असतो तर चहाही पाजला नसता. मेलेल्या मेंढपाळाला शिरायला दुबईचा डबाच सापडला का? मग सायन्सवाला विद्वान आला. सर्किटमध्ये करंट शिल्लक राहतो, म्हणाला. राहतो. क्षणभर. मी सेल सकाळी काढला, आणि काढल्यावर जागा कोऱ्या पाहिल्या. मग म्हणाला, ठिपक्यांत माणसाला काहीही दिसतं, ढगात हत्ती दिसतो तसं. बरोबर आहे. पण ढग बघून वहिनींनी 'ही आमचीच डोणी' म्हटलं नसतं, आणि हत्तीचा उडालेला कोपरा मोजून जुळला नसता. रेडिओ दुरुस्तीवाल्याला विचारलं, तो म्हणाला सेलशिवाय काही राहत नाही, तू खोटं बोलतोयस. त्याचा मला राग आला नाही. त्या सगळ्यांत तोच एक सरळ बोलला.

आबांना बरं वाटल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. वाटलं होतं ते हात जोडतील, डोळ्यांतून पाणी काढतील. त्यांनी लोखंडी खुर्चीत नीट बसून घेतलं आणि विचारलं,

"पडद्यावर म्या येकलाच व्हतो?"

"हाव, आबा. एकटेच."

"आन् हालत न्हवतो?"

"नाही. कितीही दाबलं तरी."

"हालंन कसा," आबा म्हणाले. "तुमी दोघं दुकानात अडाकला व्हता."

आणि रिमोट उचलून त्यांनी पहिल्यापासून खेळायला सुरुवात केली.

त्यानंतर ते दोन वर्षं जगले. मी अजून बारामतीतच आहे. भुतांवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही. पुढच्या अंकात कुणी मला करंट, योगायोग किंवा आत्मा समजावून सांगणार असेल तर शाई वाचवा. माझ्याकडं याचं स्पष्टीकरण नाही, आणि तुमच्याकडंही नाही. आबांकडं होतं. ते इतकं सरळ होतं की त्यावर हसायला मी तोंड उघडलं, आणि हसू आलंच नाही.